अनुभवाचा रकाना

सोमवार, ३ मार्च

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आजपर्यंत:

खुर्च्या चारशे बारा. त्यांपैकी वेताच्या बैठकीच्या दोनशे एकोणनव्वद, फळीच्या बैठकीच्या एकशे तेवीस. स्टुलं साठ. पाळणे सात. डोलखुर्ची एक, ती मला स्वतःला पसंत नव्हती, पण गिऱ्हाईक हट्टाला पेटलं होतं. रंधे तीन, कारण बाजारातल्या रंध्याची मूठ माझ्या हाताला बसत नाही. ही वही ज्यात राहील ते कपाट. शिवाय ओट्याजवळची हिची खुर्ची. ती विकायची नव्हती, म्हणून तिला आकडा नाही. बाकी प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली तिचा आकडा मी पटाशीने कोरलेला आहे. उलटी केल्याशिवाय तो दिसत नाही. दिसावा म्हणून कोरलेलाही नाही.

कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. बाविसाव्या वर्षी भंगारात पडलेली एक खुर्ची घरी आणली, तिचा सांधा न् सांधा सुटा केला आणि परत जोडली. तीन महिने लागले. माझी शाळा तेवढीच. त्याला एकोणतीस वर्षं झाली. लग्नाआधीच्या तीन वर्षांत अकरा खुर्च्या गेल्या, लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत चारशे एक. लग्नानंतर हात बसला, दुसरं काय.

हे सगळं एकट्याने केलं. एकही खुर्ची विकायला मी कुणाच्या दारात गेलो नाही. वस्तू चांगली असली की ती आपली आपण जाते.

आज डॉक्टर म्हणाले, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय, रंधा आणि पटाशी कायमची बंद. "हलकंफुलकं काम बघा." मी विचारलं, "हलकं म्हणजे किती वजनाचं?" ते हसले. मी गंमत केली नव्हती.

ही सोबत होती. हिचा उजवा खांदा कित्येक वर्षं दुखतो, तोही दाखवून घेतला. डॉक्टरांनी दाबून पाहिलं. "खांद्यावर ओझं उचलता का?" ही म्हणाली, "संसाराचं." दोघंही हसले. गोळ्या दिल्या. घरात उचलण्यासारखं ओझं नाही. वय झालं, दुसरं काय.


बुधवार, ५ मार्च

मुलीने मोबाईलवर जाहिरात वाचून दाखवली. मुख्य रस्त्यावरच्या फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रीसाठी माणूस पाहिजे. स्त्री किंवा पुरुष. अनुभव असल्यास प्राधान्य.

"बाबा, तुमच्यापेक्षा खुर्ची कुणाला जास्त कळते?"

"कळणं वेगळं आणि विकणं वेगळं."

"मग आजवर विकल्या कुणी?"

"त्या गेल्या," मी म्हणालो.

मुलीने आईकडे पाहिलं. ही डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वयाची अट आहे का बघ गं."

"बाबांच्या वयाला चालेल."

"नाही, सहज विचारलं."

कारखान्यात बनलेल्या खुर्च्या मी विकायच्या. सरसाने चिकटवलेल्या, पिना मारलेल्या. पण चार महिने एकही खुर्ची झालेली नाही आणि कामाची मागची खोली महिनाअखेर सोडायची आहे. खोलीवाल्याला तसं कळवलंय. मुलीच्या कोर्सचं अजून एक वर्ष बाकी आहे. साठवलेलं उन्हाळा संपेपर्यंत पुरेल. त्यापुढे काय, हे घरात कुणी बोलत नाही.


शुक्रवार, ७ मार्च

मेहुणा आला होता. तो विमा विकतो, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं व्याख्यान तयार असतं.

"भावोजी, पहिली गोष्ट. हसायचं."

"कशाला?"

"बघा! इथंच अडतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की तुम्ही असं बघता, जसं काही ते वाण्याकडचा उधारीवाला आहे. हसा बघू एकदा."

हसून दाखवलं. तो म्हणाला, "नको. राहू द्या."

मग म्हणाला, आधी किंमत सांगून टाकायची, म्हणजे वेळ जात नाही. तेव्हा आतून ही म्हणाली, "छे. किंमत उभ्या माणसाला सांगायची नसते. आधी बसवायचं. पाठ टेकली, हात दोन्ही बाजूंना गेले, की मग. आणि आपण होऊन सांगायची नाहीच. त्यांनी विचारायची."

मेहुणा म्हणाला, "ताई, तू माझ्या ऑफिसात ये." ही चहाचे कप घेऊन आत गेली.

हिला हे कुठून सुचतं कोण जाणे. दर गुरुवारी बहिणीकडे जायची, तिथे बायका जमतात, त्यांच्या गप्पांतून कानावर पडत असणार. मेहुणीचं घर मोठ्या इमारतींच्या वस्तीत आहे. तिथल्या लोकांना चांगली वस्तू कळते. बहिणीला बसायला म्हणून ही एखादी तयार खुर्ची सोबत न्यायची, आणि बहुतेक वेळा ती तिथल्या तिथेच कुणी तरी पसंत करून ठेवून घ्यायचं. ह्यालाच मी म्हणतो, वस्तू स्वतः बोलते.


रविवार, ९ मार्च

मुलीने अर्ज छापून आणला. एकच पान. नाव, पत्ता, वय, शिक्षण हे दहा मिनिटांत झालं. शिक्षणापुढे जेवढं आहे तेवढंच लिहिलं.

मग रकाना आला: विक्रीचा अनुभव (वर्षे).

मुलगी म्हणाली, एकोणतीस लिहा. मी म्हणालो, ते खुर्च्या करण्याचं झालं. "मग थोडं इकडेतिकडे करा ना बाबा, सगळे करतात." मी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होऊ दिला असता तर चारशे बारापैकी निम्म्या आज डुगडुगल्या असत्या. रकाना कोरा ठेवला.


मंगळवार, ११ मार्च

अंगठा. बाकी काही नाही.


गुरुवार, १३ मार्च

रकाना अजून कोराच आहे. चार दिवस एका रकान्यावर गेले. लाज वाटते.

शोरूम बघून आलो. गिऱ्हाईक म्हणून आत गेलो. काच चकचकीत, आत थंड हवा, कुठे भुसा नाही, वास नाही. एका जेवणाच्या खुर्चीपाशी उभा राहिलो आणि सवयीने तिला उचलून उलटी केली. खाली काळं कापड ताणून पिनांनी मारलेलं. कापड बोटाने जरा उचललं तर आत चार कोपऱ्यांत प्लास्टिकचे तुकडे आणि स्क्रू. सांधा असा नाहीच. दोन वर्षं टिकेल. जाड माणूस असेल तर दीड.

एक मुलगी धावत आली. "सर, काही पडलं का खाली?"

"नाही," म्हणालो आणि खुर्ची सरळ ठेवली.

परत येऊन मागच्या खोलीत बसलो. अवजारांना तेल दिलं. ती वापरायची नाहीत, पण गंज लागू द्यायचा नाही. ही चहा घेऊन आली. म्हणाली, "आवडली नाही ना खुर्ची?" मी सगळं सांगितलं, प्लास्टिकपासून स्क्रूपर्यंत. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाईट खुर्चीसुद्धा कुणाच्या तरी मापाची असतेच. वर्षभराने घर बदलणाऱ्याला वीस वर्षांची खुर्ची कशाला हवी?"

मी म्हणालो, चहात साखर कमी आहे.


सोमवार, १७ मार्च

अर्ज दिला. रकान्यात शून्य लिहिलं. नीट, गोल, दोन्ही टोकं जुळवून.

मॅनेजरबाई तिशीतल्या असतील. शून्य बघून म्हणाल्या, "काका, असं कुणी लिहीत नाही."

"आहे ते लिहिलं."

त्यांनी पान उलटसुलट केलं. "अक्षर फार सुंदर आहे तुमचं." मग म्हणाल्या, येत्या शनिवारी दिवसभर या, बघू कसं जमतं. पगार महिना सोळा हजार.

घरी सांगितलं. हिने माझा पांढरा शर्ट काढून इस्त्री केला. शनिवार पाच दिवसांवर होता.


शनिवार, २२ मार्च

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या स्वतःलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी अकरा ते एक: सात गिऱ्हाइकं. कुणी काही घेतलं नाही. उभं राहून पोटऱ्या भरून आल्या. विकायच्या जागी शंभरावर खुर्च्या आणि विकणाऱ्याने बसायचं नाही, असा नियम आहे.

दीड वाजता एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं आलं. त्यांना सहा खुर्च्या हव्या होत्या. त्यांनी विचारलं, "टिकतील ना?" मी काय करायचं? खुर्ची उलटी केली आणि दाखवलं. पिना कुठे, स्क्रू कुठे, आधी काय निसटेल, मग काय. नवरा म्हणाला, "थँक यू, तुम्ही फार प्रामाणिक आहात." आणि दोघं निघून गेले.

मॅनेजरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, गिऱ्हाइकाला खुर्चीचं पोट दाखवायचं नसतं."

"विचारलं त्यांनी."

"विचारतातच. त्यांना 'हो' ऐकायचं असतं."

हे सगळं एक म्हाताऱ्या बाई बघत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही खुर्ची उलटी केलीत म्हणून विचारते. माझ्याकडे एक आहे, तिच्या खाली आकडा कोरलाय. दोनशे सात. तो कसला हो?"

दोनशे सात. वेताची बैठक, मागच्या डाव्या पायाला एक गाठ होती, ती आतल्या बाजूला वळवून घेतली होती. मी तसं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही केलीत? मग ती खुर्चीवाली कशी आहे?"

"कोण?"

"अहो, ती बाई. खांद्यावर खुर्ची घेऊन चार मजले चढून आली होती. भर दुपारी. मी दारातूनच नको म्हटलं. तर म्हणते, घेऊ नका बाई, पण जरा बसा तरी. मी दमलेय, आणि तुम्ही उभ्या असताना मी पायरीवर कशी बसू? बसले. पाऊण तास आम्ही दोघी बोलत होतो, मी खुर्चीत, ती पायरीवर. शेवटी किंमत मीच विचारली."

मी म्हणालो, दुसरी कुणी असेल.

"डाव्या गालावर तीळ. आमच्या सगळ्या इमारतींतून फिरायची ती, दर गुरुवारी. एकदा पडलीसुद्धा जिन्यात. खुर्चीला ओरखडा नको म्हणून स्वतः खाली गेली. तुमच्याकडे कामाला होती का?"

हिच्याही डाव्या गालावर तीळ आहे. त्या काही न घेता गेल्या. त्यांची खुर्ची अजून चांगली आहे.


रविवार, २३ मार्च

हिला विचारलं. सकाळी, कणीक मळताना. ही ओट्याजवळच्या आपल्या खुर्चीत बसली होती.

"गुरुवारी तू बहिणीकडे जात नव्हतीस?"

"जात होते की." हात थांबले नाहीत. "पाणी प्यायला."

"आणि बाकी वेळ?"

"बाकी वेळ जिने."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्हीच म्हणायचात, वस्तू दारोदार नेली की तिची किंमत जाते. लग्नानंतर सहा महिने मागच्या खोलीत नऊ खुर्च्या एकीवर एक रचून होत्या आणि तुम्ही दहावी करत होता. मी म्हटलं, ह्यांना करू दे. मी जाते."

"आणि लोक हो म्हणायचे?"

"नाही म्हणायचे. दहातले नऊ." मग जरा हसली. "पण खुर्ची चांगली होती हो. वाईट असती तर मी दुसऱ्यांदा त्याच जिन्यात कशी गेले असते?"

मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. करण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या पानावरचा 'एकट्याने' हा शब्द खोडला. माझी शाई जाड आहे, तरी खालचं वाचता येतं.


मंगळवार, २५ मार्च

शोरूममधून बोलावणं आलं. मॅनेजरबाईंनी बसायला खुर्ची दिली. तीच, प्लास्टिकच्या कोपऱ्यांची. बसल्यावर बरी वाटली, हे कबूल करतो.

म्हणाल्या, "काका, विक्रीचं तुम्हाला नाही जमणार."

"मला माहीत आहे."

"पण मालकांनी शनिवारचं कॅमेऱ्यात बघितलं. त्यांना तुम्ही फार आवडलात." मग त्यांनी योजना सांगितली. दर्शनी काचेमागे एक जुनं बाक ठेवायचं. त्यावर माझे रंधे, पटाशा, थोडा भुसा. मी एप्रन घालून तिथे बसायचं. अंगठ्याला त्रास नको, काम खरं करायचंच नाही. नुसतं हातात धरायचं. रस्त्यावरून लोक बघतील आणि आत येतील.

मी विचारलं, "आतल्या खुर्च्या कुणी केल्या म्हणून सांगायचं?"

"तुम्ही काही सांगायचंच नाही, काका. नुसतं बसायचं. लोक काय समजायचं ते समजतील."

"मी केलेल्या चारशे बारा आहेत. त्यातली एकही इथे नाही."

"कुणी खोटं बोलतच नाहीये."

"म्हणूनच नको," म्हणालो. गप्प बसून लोकांना चुकीचं समजू द्यायचं, हे मला जमणार नाही, असं मी त्यांना चांगलं ठणकावून सांगितलं. शब्द बरे सुचले. तोऱ्यात बाहेर पडलो.

चौकापर्यंत तोरा टिकला. तिथे सिग्नलला थांबलो आणि वाटलं, जमणार नाही कसं? सव्वीस वर्षं जमलं. ज्याने त्याने विचारलं, "तुमच्या खुर्च्या खपतात कशा हो?" आणि मी म्हणायचो, वस्तू स्वतः बोलते. मी आत, एप्रन घालून. आणि बोलत होतं भलतंच कुणी, चौथ्या मजल्यावर.

सिग्नल दोनदा सुटला तरी मी तिथेच उभा होतो. मग मागे फिरलो. मॅनेजरबाई मला परत आलेला बघून खूश झाल्या. त्यांना वाटलं, विचार बदलला.

म्हणालो, "विक्रीची जागा अजून रिकामी आहे ना? एक कोरा अर्ज द्या."


बुधवार, २६ मार्च

अर्ज भरला. ही समोर बसून घेवडा मोडत होती. आधी वाटलं होतं, ऐकायची नाही.

"मला कोण घेणार? ह्या वयात? आणि शिक्षण विचारतील."

"शिक्षणाचा रकाना लहान आहे. हा मोठा आहे." विक्रीचा अनुभव (वर्षे). मी सव्वीस लिहायला पेन टेकवलं.

"पंचवीस लिहा," ही म्हणाली.

"लग्नाला सव्वीस झाली."

"मुलगी झाली तेव्हा वर्षभर नाही जमलं जायला. खोटं कशाला लिहायचं?"

मी उठून जुनी वही काढली. त्या वर्षी चार खुर्च्या गेल्या होत्या. समोर माझ्याच अक्षरात शेरा आहे: 'यंदा लाकूड बरं मिळालं नाही.'

पंचवीस लिहिलं. मागच्या वेळी ह्या रकान्याला आठ दिवस लागले होते. 'कोणत्या वस्तू विकल्या' ह्यापुढे लिहिलं: हाताने केलेल्या खुर्च्या, सुमारे चारशे. 'सुमारे' हा शब्द मला आवडत नाही, पण नेमका आकडा तिलाही ठाऊक नाही. काही बहुधा खरोखरच आपल्या आपण गेल्या असतील. असं ही म्हणते. मला बरं वाटावं म्हणून म्हणते की काय, कळायला मार्ग नाही.

हिने सही केली. सही करताना खांदा दुखला, हे दिसलं. शोरूममध्ये खुर्च्या उचलाव्या लागत नाहीत, त्याला दोन माणसं वेगळी आहेत. हे मी आधीच विचारून आलो होतो.

पान घडी करून पिशवीत ठेवलं. घेवडा संपवून ही म्हणाली, "आणि तुम्हाला काय म्हणाल्या त्या, काल?"

"त्यांना मी नको होतो," म्हणालो.

मागची खोली सोमवारपर्यंत रिकामी करायची आहे. थकवा आलाय, अंगठा ठणकतो, पुढचं लिहून थांबतो. हिला जे सांगितलं ते खरं नाही. खरं काय ते एकदा नोंदवलेलं असावं. काचेमागे एप्रन घालून, हातात रंधा धरून, काही न करता आणि काही न बोलता बसायचं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, आठवड्याला एक सुट्टी, दुपारचं जेवण त्यांचं. नको म्हणालो. महिना अठ्ठावीस हजार.